म्हातारीची साठ वर्षं

गेल्या पावसाळ्यात आमच्या समुपदेशन केंद्रातल्या कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं निवासी शिबिर होतं. विषय होता 'प्रेम, लग्न आणि आपण'. रात्री जेवणं झाल्यावर एखादा सिनेमा दाखवावा असं ठरलं आणि मी 'समव्हेअर इन टाइम' हा १९८० सालचा अमेरिकन चित्रपट निवडला. हेतू सरळ होता. सिनेमा किती भाबडा आहे, बाईला किती वाट बघायला लावतो, हे रात्री पाहायचं आणि सकाळी त्याची चिरफाड करायची. पण दिवे लागले तेव्हा अर्ध्या जणी डोळे पुसत होत्या. त्यांत पोलीस चौकीत भल्याभल्यांना घाम फोडणारी आमची सगळ्यात खमकी मैत्रीणही होती. सकाळी चिरफाड झालीच नाही. झाली ती वेगळीच चर्चा, आणि ती आपल्या सगळ्यांपुढे ठेवावी म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. १९७२ साली रिचर्ड नावाच्या तरुण नाटककाराच्या हातात एक अनोळखी म्हातारी जुनं खिशातलं घड्याळ ठेवते, 'माझ्याकडे परत ये' एवढंच म्हणते आणि निघून जाते. आठ वर्षांनी एका जुन्या हॉटेलात त्याला एलिस मॅकेना या गाजलेल्या नटीचा तरुणपणीचा फोटो दिसतो. तो फोटोच्या प्रेमातच पडतो. मग कळतं, ती म्हातारी हीच. स्वतःवर संमोहन करून तो १९१२ सालात जातो, तिला भेटतो, दोघांचं प्रेम जमतं. आणि कोटाच्या खिशात राहून गेलेलं १९७९ सालचं एक नाणं हाताला लागताच तो परत आपल्या काळात फेकला जातो. पुन्हा जाता येत नाही, झुरून मरतो. मृत्यूनंतर दोघं भेटतात. संपलं.

रिचर्ड मॅथेसन यांच्या १९७५ च्या कादंबरीवर बेतलेला हा चित्रपट पहिल्यांदा लागला तेव्हा फारसा चालला नाही. समीक्षकांनी टिंगल केली. हॉलिवूडमधल्या नटनट्यांचा संप असल्यामुळे क्रिस्टोफर रीव्ह आणि जेन सीमूर यांना प्रचारही करता आला नव्हता. पुढे केबल आणि व्हिडिओ कॅसेटमुळे तो घरोघरी पोचला. १९९० मध्ये चाहत्यांनी संघटना काढली. मिशिगन राज्यातल्या मॅकिनॅक बेटावर, जिथे चित्रीकरण झालं त्या ग्रँड हॉटेलात, दर ऑक्टोबरला चाहते १९१२ सालचे पोशाख घालून जमू लागले. हे सगळं नुसतं बाजारानं घडवलेलं नाही. बाजारानं तर हा सिनेमा आधी टाकूनच दिला होता.

मग बायकांना त्यात काय सापडतं?

आपल्या चष्म्यातून पाहिलं तर आक्षेपांची यादी लांब होते. एलिस 'जा' म्हणते, तरी तो मागे मागे जातो, रात्र हॉटेलच्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर काढतो. आपल्या केंद्रात अशी तक्रार आली तर आपण न्याय संहितेतलं पाठलागाचं कलम ७८ दाखवू. तिचा व्यवस्थापक रॉबिन्सन तिला थोर नटी घडवायला निघालाय, रिचर्डला प्रेयसी हवी आहे. तिला काय हवंय, यापेक्षा ती कुणाची, यावरच दोघांचं भांडण. काळाच्या आरपार जातो तो पुरुष, वाट पाहते ती बाई.

आणि ते १९१२ साल! लेसचे झगे, रुंद टोप्या, घोडागाड्या, सगळं कसं गोड. पण १९११ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात आग लागून १४६ कामगार मेले. बहुतेक स्थलांतरित घरांतल्या तरुण मुली, असेच बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या. १९१२ च्या सुरुवातीला लॉरेन्स गावातल्या कापड गिरण्यांत हजारो बायका संपावर होत्या. मिशिगनमध्ये तर त्याच वर्षी नोव्हेंबरात बायकांना मताचा हक्क द्यावा का, यावर मतदान झालं. मत देणारे अर्थातच पुरुष, आणि ठराव थोडक्यात पडला. मिशिगनच्या बायकांना तो हक्क १९१८ साली मिळाला, साऱ्या देशात १९२० साली. यातलं काहीही त्या हॉटेलच्या व्हरांड्यापर्यंत पोचत नाही.

हे आक्षेप मला आजही मान्य आहेत. पण ते मांडून आपण मोकळ्या झालो की समोरच्या बाईचं रडणं तसंच उरतं. त्याचं काय करायचं?

सकाळच्या बैठकीत एकीने सांगितलं, "तो तिला बघतो ना, तसं मला वीस वर्षांत कुणी बघितलं नाही." दुसरी म्हणाली, "तिचं स्टेजवरचं बोलणं आवडलं." नाटक चालू असताना एलिस लिहिलेली वाक्यं सोडून देते आणि स्वतःच्या मनातलं बोलू लागते. सगळं नाट्यगृह समोर, आणि बाई दुसऱ्याने लिहून दिलेलं नव्हे, आपलं बोलते आहे. मला हे कधी दिसलंच नव्हतं. तिसरी हसत म्हणाली, "दोन दिवसांचंच प्रेम आहे ताई, म्हणून टिकलं. त्यात कुणाला डबा करून द्यायचा नाही, की सासूचं पथ्यपाणी नाही." सगळ्या हसल्या, पण मुद्दा खरा होता. हा सिनेमा प्रेमाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबवतो, आणि रोज त्या उंबऱ्याच्या आत राबणाऱ्या बाईला तेवढे दोन तास सुट्टी मिळते.

मला आई आठवली. लहानपणी केबलवर हा सिनेमा लागला होता. आईचं इंग्रजी जेमतेम, तरी शेवटपर्यंत पाहून ती रडली. पुढे एम. एस. डब्ल्यू. करताना, नवी नवी परिभाषा तोंडात असताना, मी तिला सुनावलं होतं, "तू असल्या खुळचट प्रेमकथांवर रडतेस म्हणून तर ही व्यवस्था टिकते." आई भाजी निवडत होती. म्हणाली, "अगं, त्या पोरासाठी नाही रडले मी. म्हातारीसाठी रडले. तिची साठ वर्षं कुठे गेली, ते दाखवलंच नाही कुणी."

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. मुद्दा कळलाच नव्हता.

१९१२ ते १९७२. रिचर्डचं झुरणं आपण पाहतो. एलिसची साठ वर्षं मात्र दोन-चार वाक्यांत उरकतात: ती अबोल झाली, एकटी राहिली. आणि ती वाक्यं सांगते कोण? लॉरा रॉबर्ट्स, म्हातारपणी एलिसला सांभाळणारी बाई. रात्रीअपरात्री उठून पाणी तिनेच दिलं असणार. एलिसच्या वस्तू तिनेच जपल्या, आठवणीही तिच्याचपाशी. तिच्या मायेला कुणी प्रेम म्हणत नाही. तिच्यावर सिनेमाही निघत नाही.

यातली माझी चूकही सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी केंद्रात एक बाई यायची. नवरा कामाला म्हणून गेला तो चार वर्षं परतला नव्हता. पोटगीचा अर्ज करू या, म्हटलं की गप्प बसायची. एकदा मी म्हणाले, "त्याची वाट बघणं आता सोडा." ती पुन्हा आली नाही. माझा सल्ला कायद्याने बरोबर होता. पण ती नेमकी कशाची वाट बघते आहे, हे मी विचारलंच नाही. त्या माणसाची, की तो होता तेव्हा ती स्वतः जशी होती, तिची? कदाचित तिने सांगितलं असतं आणि मग अर्जावर सहीही केली असती.

बायकांच्या स्वप्नरंजनाला हसणं सोपं आहे. ते चळवळीने पुष्कळदा केलं, मीही केलं. पण स्वप्नात काय मागितलंय ते नीट पाहिलं तर मागण्या आपल्याच निघतात: कुणीतरी माणूस म्हणून पाहावं, आपलं वाक्य आपल्याला बोलता यावं, थोडा वेळ आपला असावा. फरक इतकाच, की सिनेमा हे सगळं एका पुरुषाच्या हाती सोपवतो, आणि तो गेला की साठ वर्षं रिकामी. ती साठ वर्षं भरायची कशी, हा प्रश्न सिनेमाचा नाही. आपला आहे.

आपल्या गटात हा सिनेमा जरूर दाखवा. रडू येणाऱ्यांना रडू द्या. मग एवढंच विचारा: त्या साठ वर्षांत एलिस काय करत असेल? आमच्या शिबिरात या प्रश्नावर दुपारचं जेवण दोन वाजेपर्यंत लांबलं. तुमच्याकडे काय उत्तरं येतात, ती जरूर कळवा.