पांढऱ्याशुभ्र कागदाचा हिशेब

स्टेशनरीच्या दुकानात पांढराशुभ्र आणि किंचित मळकट असे कागदाचे दोन गठ्ठे शेजारी ठेवले, तर मळकट तो पर्यावरणाला चांगला, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरे असते, नेहमीच नाही.

लाकूड किंवा बांबू रसायनांत शिजवला की वजनाच्या जेमतेम निम्मा लगदा हाती येतो. उरलेला भाग, मुख्यतः लिग्निन, काळ्या द्रावात उतरतो. मग तपकिरी लगदा पांढरा करायचा. त्यासाठी पूर्वी क्लोरीन वायू सर्रास वापरत. त्यातून तयार होणारे डायॉक्सिन सांडपाण्यावाटे नदीत, तिथून माशांत आणि शेवटी माणसाच्या चरबीत जाऊन वर्षानुवर्षे मुक्काम करते. ते कर्करोगकारक आहे. अनेक कारखाने आता क्लोरीन डायॉक्साइड वापरतात, त्यामुळे डायॉक्सिन खूप घटले आहे. सांडपाण्यावरची प्रक्रिया मात्र चोख हवीच. रद्दीतले लाकूड आधीच शिजलेले असते. म्हणून तिच्यापासून कागद करायला एकूण ऊर्जा, पाणी आणि रसायने कमी लागतात.

एक गोष्ट मात्र जाहिरातीत येत नाही. लाकडावर चालणारी मोठी गिरणी तो काळा द्राव बॉयलरमध्ये जाळून आपली बरीचशी वाफ आणि वीज स्वतः तयार करते. रद्दीवर चालणाऱ्या गिरणीकडे हे इंधन नसते. तिने कोळसा जाळला, तर निदान खनिज इंधनाच्या धुराच्या बाबतीत ती मागे पडू शकते. शाई काढताना उरणाऱ्या गाळाची विल्हेवाट हा आणखी एक खर्च. शिवाय प्रत्येक फेरीत धागा आखूड होतो आणि पाच-सात फेऱ्यांनंतर निकामी ठरतो. नवा धागा कुठून तरी घालावाच लागतो. तमिळनाडूत करूरजवळ सरकारी कंपनी उसाच्या चिपाडापासून छपाईचा कागद बनवते. आपले साखर कारखाने चिपाड बहुतांशी जाळतात.

तरीही केसपेपर, अर्ज, परिपत्रके, वह्या यांसाठी रिसायकल्ड कागदच घ्यावा. फायलीत पिवळा पडणारा कागद दुधासारखा पांढरा कशाला हवा? जितका पांढरेपणाचा आग्रह, तितकी शाई जास्त काढावी लागते आणि तितका धागा वाया जातो. दोन्ही बाजूंनी छपाई केली तर कागद जवळपास निम्माच लागतो, आणि तो फायदा गठ्ठ्याच्या निवडीपेक्षाही मोठा ठरू शकतो. वडापाव मात्र छापील रद्दीत नको. शाईतली रसायने तेलात सहज उतरतात, आणि खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला 2018च्या नियमांनी मनाई आहे.

रद्दी कोरडी राहिली तरच गिरणीच्या कामाची. खरकट्यात भिजलेला कागद कचरा डेपोत जातो. तो वेगळा काढायला बाई ढिगात हात घालते, आणि त्याच ढिगात कुणीतरी फेकलेली इन्सुलिनची सुई असते.