रबरी गांडुळाचे वकील

दसऱ्याचे सोने वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी मी कुरनूरच्या धरणावर गळ टाकून बसलो. बोरी नदीचे अडवलेले पाणी, काठाची बाभळ आणि पाण्यावर निश्चल उभे असलेले बूच! शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझे बहुतेक सण असेच साजरे होतात. दिवस कलता कलता सव्वा किलोची एक मरळ लागली. वळसंगला घरी पोचेतो दिवेलागण झाली होती. मासा सौभाग्यवतींच्या हवाली करून मी पाय धुवायला गेलो, तोच आतून हाक आली, “अहो, हे काय निघालं बघा की!”

परातीत मरळीचे पोट चिरून ठेवले होते आणि त्यातून निघालेली वस्तू विळीशेजारी पडली होती. निळा रंग, आत चकाकणारी चांदीची भुकटी, बोटभर लांबी, शेपटीला वळण. हात लावून पाहिले तर बुळबुळीत, फुगलेले आणि चिवट. चावून, गिळून, पोटातल्या रसांत भिजूनही त्याचे काही बिघडले नव्हते. ते रबरी गांडूळ होते. सौभाग्यवतींनी त्या दिवशी रस्सा केला नाही. शेंगाचटणी आणि भाकरीवर भागवले, आणि मीही तक्रार केली नाही.

संशय अर्थातच आमच्या पुतण्यावर गेला. चिरंजीव पुण्याला नोकरीस असतात. गणपतीला आले होते ते हाताएवढी पेटी घेऊन, आणि त्या पेटीत अशी पन्नास-साठ गांडुळे रंगवार लावलेली. फोनवर विचारले तर म्हणतो, “काका, ते माझं नव्हे. माझी सगळी हिरवी आहेत.” म्हणजे कुरनूरच्या काठाला अशा पेट्या घेऊन येणारा तो एकटा नाही, एवढे तरी कळले. पुढे अर्धा तास त्याने या गांडुळाची जी वकिली केली, तिला उत्तर म्हणून हा लेख आहे. त्याच्या मुद्द्यांत तथ्य मुळीच नसते तर मी शाई खर्च केली नसती.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. हिला रबरी म्हणायची पद्धत पडली आहे, पण त्यात रबर औषधालाही नाही. १९४९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थाने गांडुळाच्या साच्यात विनाइल ओतून हे पहिल्याप्रथम तयार केले. पाण्याच्या नळ्या ज्या जातीच्या प्लास्टिकच्या होतात त्याच जातीचे हे प्लास्टिक. नळी कडक असते आणि गांडूळ लुसलुशीत, कारण गांडुळात मऊपणा आणणारे तेलकट रसायन भरपूर मिसळलेले असते. ते रसायन स्वस्थ बसत नाही. ही गांडुळे साध्या प्लास्टिकच्या डबीत काही दिवस ठेवली तर डबीचा तळ चिकट होऊन विरघळू लागतो. खुद्द पुतण्याच्या जुन्या डबीची ती गत मी पाहिली आहे. गळ त्यात असा लपवतात की टोक बाहेर दिसत नाही, त्यामुळे शेवाळातून, पाणवेलीतून ते न अडकता सरकत जाते. अमेरिकेत बास नावाचा मासा याच्यावर जीव टाकतो, आणि त्याच्यामागे तिथे लाखो माणसे जीव टाकतात. १९३२ साली जॉर्जियातील जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने सुमारे दहा किलोचा बास पकडला. तो विक्रम पुढे ७७ वर्षे कोणाला गाठता आला नाही. २००९ साली तो गाठला गेला तोही अमेरिकेत नव्हे, तर जपानच्या बिवा सरोवरात. या जपानकडे पुढे यायचे आहे.

माझी एक कबुली इथेच देऊन टाकतो, म्हणजे नंतर कोणी तोंडावर फेकायला नको. गणपतीच्या सुट्टीत पुतण्याच्या आग्रहाने मीही ते हिरवे गांडूळ पाण्यात टाकले होते. तिसऱ्याच फेकीला दोरी अशी ताणली गेली की काळजाचा ठोका चुकला. गांडूळ लबाड आहे, पण बिनकामाचे नाही.

आता वकिली. पहिले म्हणणे भूतदयेचे. जिवंत गांडूळ गळावर ओवणे हे क्रौर्य, प्लास्टिकचे ओवण्यात कोणाचा जीव जात नाही. मला हे ऐकून गंमत वाटते. गांडुळाची एवढी कणव असेल तर गव्हाच्या कणकेची गोळी आहे, घाण्यावरची शेंगपेंड आहे. आमच्या बाजूचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यावर मासे धरत आले आहेत. शिवाय हे शास्त्र या भागाला नवे नाही. येथून फार दूर नसलेल्या कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्यात मत्स्यविनोद म्हणून गळाने मासे धरण्यावर एक प्रकरणच आहे. कोणत्या माशाला काय चारावे याचा त्यात विचार केलेला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर सविस्तर लिहून जगाचे लक्ष तिकडे वेधले. राजाने माशाला फसवायच्या आधी त्याला खाऊ घालायचा विचार केला होता. आमच्या नव्या शौकिनाला माशाला काहीच द्यायचे नाही. द्यायचे ते अपचन.

दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे, आणि ते ऐकून पुष्कळ भली माणसे विरघळतात: “काका, आम्ही मासा मारत नाही. पकडतो, फोटो काढतो, सोडतो. तुम्ही तर खाता!” हो, खातो. त्याची मला लाज वाटत नाही. पण या सोडण्याविषयी मला जे दिसले ते सांगणे भाग आहे.

आपल्याकडे बास नाही. त्याच्या जागी मरळ आहे. नात्याने दोघांचा संबंध नाही, पण स्वभाव एक. दोघेही पाणगवतात दबा धरून बसतात, आणि समोरून काही सळसळत गेले की झडप घालतात. आणि दोघेही पिलांची राखण करतात. मरळ पावसाळ्यात अंडी घालते. पिले बाहेर पडली की शेकड्यांनी एका घोळक्यात हिंडतात. तांबूस-केशरी रंगाचा तो घोळका पाण्याच्या वरच्या थरात उकळल्यासारखा खदखदत असतो आणि खाली आईबाप पहारा करीत असतात. ज्याने हे एकदा पाहिले तो विसरत नाही. गणपतीत आम्हाला नेमका असा एक घोळका दिसला. पुतण्याने काय करावे? त्या पिलांच्या मधून आपले हिरवे गांडूळ ओढत आणले. मरळ भुकेने धावली नाही, पिलांवर काही चालून आले म्हणून धावली. बाहेर काढली, मोजली, फोटो निघाले, पुन्हा पाण्यात सोडली. तेवढ्या वेळात दुसऱ्या माशांनी घोळक्यावर जो डल्ला मारला तो मी काठावरून पाहत होतो. पाणी नुसते फुटत होते. शेजारी एक म्हातारा भोई जाळे झटकीत उभा होता. तो एवढेच म्हणाला, “गुरुजी, लेकुरवाळीला हात लावू नये. आम्हीबी लावत नाही.” ज्याच्या घरची चूल त्या जाळ्यावर पेटते त्याने लेकुरवाळी सोडावी, आणि ज्याला भूक नाही त्याने ती केवळ फोटोसाठी ओढावी, यात दया कोणाची आणि क्रौर्य कोणाचे? अमेरिकेत आणि कॅनडात अभ्यासकांनी बासचे हेच पाहिले आहे. नर घरट्यापासून उचलला की दुसरे मासे अंड्या-पिलांवर तुटून पडतात. म्हणून कॅनडातील ओन्टारिओ प्रांतात विणीच्या दिवसांत बासची शिकार बंद असते. आमच्या शौकिनांनी तिथले गांडूळ आणले, पण ते दिवस पाळण्याची शिस्त आणायची राहिली.

तिसऱ्या मुद्द्यावर मी निम्मा हरलो आहे. पुतण्या म्हणतो, “चार बोटांचं प्लास्टिक ते काय! उजनीत पुण्याचं सांडपाणी येतं, कोळ्यांची फाटकी नायलॉन जाळी तळाला पडून आहेत, त्यांच्यावर लिहा की.” खरे आहे. १९८० साली पुरी झालेली उजनी सोलापूर शहराची तहान भागवते आणि वरच्या शहरांची घाणही पोटात घेते. त्यापुढे माझ्या पुतण्याची पेटी किस झाडकी पत्ती. परंतु सांडपाण्याला निदान कोणी शौक म्हणत नाही. त्याच्यावर खटले होतात, योजना निघतात, निदान आश्वासने तरी मिळतात. या गांडुळाचे मात्र उलट आहे. ते निसर्गप्रेम म्हणून मिरवले जाते. प्रत्येक फेरीत दोन-चार तुटतात, त्यांना लावलेले शिशाचे वजनही तळाला जाते, आणि मालक नवे ओवून पुढे जातो. शिशाचे सांगायचे तर, हंस ती वजने गिळून मरू लागले म्हणून ब्रिटनने १९८७ पासून गळाच्या बहुतेक शिसवजनांवर बंदी घातली. आमच्या भिगवणला रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची कुटुंबे बिऱ्हाडासह लोटतात. त्या पक्ष्यांच्या चोचीखालच्या चिखलात काय पडले आहे, ते दुर्बिणीतून दिसत नाही.

विरघळणारी आमिषेही बाजारात मिळतात, हे पुतण्यानेच मला सांगितले. मग ती का नाही वापरत? “लवकर तुटतात, काका.” तुटू नये म्हणूनच जी वस्तू आवडते, ती तुटून पाण्यात पडल्यावर कोणाला आवडायची?

सर्वांत धोक्याचा मुद्दा त्याने शेवटी, सहज बोलता बोलता टाकला. त्याच्या मित्रमंडळात म्हणे चर्चा चालते, की एखाद्या तलावात बासच आणून सोडला तर काय बहार होईल! पर्यटन वाढेल, गावाला पैसा येईल. हे ऐकून मी खुर्चीतून उठलो. परका मासा पाण्यात सोडणे हे गळ टाकण्यासारखे नसते. दोरी ओढून तो परत घेता येत नाही. १९५२ साली चिलापी या देशात आणली गेली. आज उजनीच्या बाजारात चिलापीच्या टोपल्या मोजा आणि देशी माशांच्या मोजा. आफ्रिकी मांगूर सरकारने २००० साली बंद केला, तरी चोरून पाळणे थांबत नाही. घरातल्या काचेच्या पेटीत हौसेने ठेवलेला सकर मासा कोणीतरी कंटाळून पाण्यात सोडला, तो आता उजनीत कोळ्यांची जाळी फाडतो. २०१८ च्या महापुरानंतर केरळातल्या नद्यांत दक्षिण अमेरिकेचा आरापाइमा सापडू लागला. आणि जपान! तिथे १९२५ साली एका हौशी धनिकाने आशी सरोवरात बास आणून सोडला. परिणाम असा, की बिवा सरोवरात पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायचा नाही, असा नियम तिथल्या प्रांताने २००३ साली लागू केला. आणि २००५ साली बासला उपद्रवी परका ठरवून त्याचे पाळणे, वाहून नेणे, सोडणे कायद्याने बंद झाले. याहून मौज पुढेच आहे. फुजी पर्वताच्या पायथ्याचे कावागुची सरोवर बासच्या शिकारीवरच पैसा मिळवते, तिकडे परवाना घेऊन माणसे येतात. त्याच सरोवरावर २००७ साली या मऊ गांडुळांना बंदी घातली गेली. ज्यांचे पोट बासवर आहे त्यांनी गांडूळ हद्दपार केले, आणि ज्यांच्याकडे बास नाही ते आम्ही पेट्या भरून ते मागवतो!

सोलापूरच्या माणसाला पाण्याबद्दल असे बोलताना कोणी रागीट म्हणू नये. हिप्परग्याचा एकरूख तलाव इंग्रजांनी खोदला तो सहलीसाठी नव्हे, अवर्षणाच्या धाकाने. आमच्या वळसंगात १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले ते एका विहिरीसाठी. ज्यांना पाण्याला शिवू दिले जात नव्हते त्यांनी स्वतःच्या घामाने खणलेली ती विहीर. ज्या गावाने पाण्याची किंमत अशी पाहिली आहे त्या गावच्या माणसाला कोणी “पाणी म्हणजे खेळाचं मैदान, काका” असे म्हटले की त्याच्या कानाला ते बोचते.

मला पुतण्याचा छंद बंद करायचा नाही. उलट पडद्यासमोर बसण्यापेक्षा तो काठावर बसतो हे मला आवडते. पण तलावाचे ठेके देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी काठावर एक पाटी लावावी: प्लास्टिकचे आमिष आणि शिसे नको, पावसाळ्यात पिलांच्या घोळक्यावर गळ नको, बाहेरचा मासा कदापि नको. पाटी रंगवायचा खर्च मी देतो. अक्षर माझे चांगले आहे, रंगवूनही देईन.

ते निळे गांडूळ मी धुऊन, पुसून एका बाटलीत घालून फडताळात ठेवले आहे. भाऊबीजेला पुतण्या येणार आहे. त्याच्या पेटीतले कोणते याच्याशी जुळते ते मला पडताळायचे आहे. त्याने पेटी पुण्यालाच ठेवून यावे असे मात्र मी कळवलेले नाही. सौभाग्यवतींनी कळवले आहे, आणि गोठ्यामागच्या ओल्या जमिनीत खरी गांडुळे भरपूर आहेत, कुदळ ओट्याखाली आहे, असेही.