मिसिसिपीतील तिसरीचा वर्ग

अमेरिकेचा केंद्रीय शिक्षण विभाग राहणार की जाणार, या प्रश्नाने २०२५ पासून तिथल्या शालेय शिक्षणाच्या बातम्या व्यापल्या आहेत. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २० मार्च २०२५ ला विभाग मोडीत काढण्याच्या आदेशावर सही केली. जवळपास निम्मे कर्मचारी कमी करण्याची घोषणा त्याआधीच झाली होती आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती कपात तूर्त चालू ठेवायला मुभा दिली. हा वाद गंभीर आहेच. पण वर्गात शिकवणाऱ्यांनी बारकाईने पाहावा असा वाद दुसराच आहे. लहान मुलाला वाचायला कसे शिकवायचे, यावर तिथल्या राज्यांच्या विधिमंडळांत बारा-तेरा वर्षे कायदे होत आहेत. अमेरिकेत शाळा चालतात त्या राज्ये आणि सुमारे १३,००० स्थानिक शिक्षण मंडळांच्या हुकमतीत. शाळांच्या खर्चातला केंद्राचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याचा आहे आणि अभ्यासक्रम लादायला केंद्राला कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे शिकवण्यात खरे फेरफार होतात ते राज्यांमध्ये.

या वादाची मुळे १९६७ पर्यंत जातात. वाचन म्हणजे संदर्भाच्या आधाराने केलेला अंदाज, असे वाचनाचे अभ्यासक केन गुडमन यांनी त्या वर्षी मांडले. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांच्या कामातून आणि पुढे लुसी कॅलकिन्स यांच्या अभ्यासक्रमातून याच्याशी नाते सांगणारी पद्धत हजारो वर्गांत पोचली. शब्द अडला की मुलाने चित्र पाहावे, वाक्यात काय शोभेल ते आठवावे, पहिले अक्षर पाहावे आणि पुढे जावे. ‘हॉर्स’ लिहिलेले असताना मूल ‘पोनी’ म्हणाले, तरी अर्थ लागला ना, मग ठीक. पहिलीत हे खपून जाते. चित्रे संपली आणि शब्द लांब झाले की त्या मुलाच्या हाती काहीच उरत नाही. अक्षर-ध्वनीचे नाते क्रमवार, उघडपणे शिकवावे लागते, असे राष्ट्रीय वाचन समितीने २००० सालीच संशोधनाच्या आधारे सांगितले होते. तरी पुढची दोन दशके असंख्य वर्ग आपल्या जुन्याच वाटेने गेले, कारण अध्यापक महाविद्यालयांत तेच शिकवले जात होते. पत्रकार एमिली हॅनफोर्ड यांच्या ‘सोल्ड अ स्टोरी’ या २०२२ मधील ध्वनिमालिकेमुळे पालकांना हे कळले आणि मग चक्रे वेगाने फिरली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजने २०२३ मध्ये कॅलकिन्स यांचा प्रकल्प बंद केला. २०१३ पासून सुमारे ४० राज्यांनी वाचनाविषयी कायदे केले आहेत. काहींनी अंदाजाची पद्धत वर्गात वापरण्यावर बंदीच घातली.

या सगळ्यात नाव घेतले जाते मिसिसिपीचे. हे देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. चौथीच्या वाचनाच्या राष्ट्रीय चाचणीत २०१३ मध्ये ते ४९ व्या क्रमांकावर होते आणि त्याचे सरासरी गुण होते २०९. २०१९ मध्ये ते २१९ वर, म्हणजे देशाच्या सरासरीला पोचले. २०२४ मध्ये देश २१४ वर घसरला, मिसिसिपी मात्र २१९ वर होते आणि नवव्या क्रमांकावर आले. तिसरीअखेर वाचता येत नसेल तर चौथीत पाठवायचे नाही, अशी अट घालणारा कायदा तिथे २०१३ मध्ये झाला होता. वर्तमानपत्रांनी आणि इतर राज्यांच्या आमदारांनी उचलली ती एवढीच अट.

आमच्या मते कायद्याचे मर्म त्याच्या इतर कलमांत आहे. शाळेत पाऊल टाकल्यापासून दर वर्षी तीन वेळा मुलांची छोटी चाचणी घ्यायची. मागे पडणाऱ्या मुलाच्या घरी लगेच कळवायचे आणि त्याच्यासाठी स्वतंत्र योजना लिहायची. तिसरीच्या परीक्षेत तीन संधी द्यायच्या. अपंगत्व असलेल्या किंवा इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या काही मुलांना अटीतून सूट द्यायची. हजारो शिक्षकांना भाषेची रचना, ध्वनी आणि शब्दघटना यांचे दीर्घ प्रशिक्षण मिळाले. राज्याने सर्वांत मागे असलेल्या शाळांत वाचन-मार्गदर्शक नेमले. त्यांनी शिक्षकाच्या वर्गात बसायचे, धडा घेऊन दाखवायचा, नंतर शिक्षकाचा धडा पाहायचा आणि त्यावर बोलायचे. शिक्षकाचे गुणांकन त्यांच्याकडे नव्हते, आणि आम्हाला ही व्यवस्थेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. आपली चूक ज्याला दाखवायची तोच गोपनीय अहवाल लिहिणार असेल, तर कोणता शिक्षक मोकळा बोलेल? शिवाय या कामासाठी दर वर्षी पैसा येत राहिला आणि राज्याच्या शिक्षणप्रमुख कॅरी राइट जवळपास नऊ वर्षे त्याच पदावर राहिल्या.

टीकाकारांचे मुद्दे बाजूला सारता येणार नाहीत. मागे ठेवलेले मूल चौथीच्या चाचणीला वर्षभर उशिरा बसते, त्यामुळे सरासरी थोडी फुगते, असे ते म्हणतात. वाढ केवळ त्यातूनच आली हे आम्हाला पटत नाही. पण आठवीच्या वाचनात तशी झेप दिसत नाही, हे खरे आहे. अक्षरे उलगडता आल्यावर शब्दसंपत्ती आणि विषयज्ञान लागते, आणि ते तीन वर्षांच्या मोहिमेत भरून येत नाही. मागे ठेवण्याचा भार गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांवर अधिक पडतो, हा आक्षेपही वजनदार आहे. मिशिगनने २०२३ मध्ये ही अट रद्द केली. आधार न देता अट तेवढी घालणाऱ्या राज्यांनी मुलांवर अन्याय केला आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. आणि पद्धतीवर कायद्यानेच बंदी घालणे हेही आम्हाला धोक्याचे वाटते. आज संशोधन कायद्याच्या बाजूने आहे. उद्या ते पुढे गेले तर शिक्षकाने कायद्यापुढे काय करायचे?

२०२४ च्या चाचणीत देशभरातील चौथीची ४० टक्के मुले वाचनाच्या किमान पातळीखाली होती. हा आकडा कळला कारण सर्व राज्यांना एकाच मापाने मोजणारी राष्ट्रीय व्यवस्था आहे. ती चालवणाऱ्या सांख्यिकी केंद्रातच २०२५ च्या कपातीनंतर मोजकी माणसे उरली. मिसिसिपी सुधारले की नाही, हे ठरवायचे साधनच असे कमकुवत व्हावे, याचे आम्हाला दुःख होते.

आपल्या वाचकांना यातले काही ओळखीचे वाटेल. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला परीक्षेची, आणि पुनर्परीक्षेतही न जमल्यास त्याच वर्गात ठेवण्याची, तरतूद केली. निकालापासून दोन महिन्यांत जादा शिकवणी आणि पुनर्परीक्षा, असा तो क्रम आहे. पाच वर्षांत जे वाचन आले नाही ते दोन महिन्यांत येईल, अशी अपेक्षा यात धरली आहे. मिसिसिपीची शिकवण्याची पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी लागू होणार नाही. देवनागरीत अक्षर आणि ध्वनी यांचे नाते इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे. आपली मुले अडतात ती जोडाक्षरांवर, रफारावर, मात्रा-वेलांट्यांच्या गर्दीवर. पण शिक्षकाशेजारी बसणारे माणूस आपल्याकडेही नेमलेले आहे. केंद्रप्रमुख आणि विषय साधनव्यक्ती ही पदे त्याचसाठी आहेत. त्यांचे दिवस माहितीचे तक्ते गोळा करण्यात जातात. ते काम त्यांच्याकडून काढून घ्यावे, पहिली-दुसरीच्या वर्गांत बसणे हे त्यांचे मुख्य काम ठरवावे आणि वाचन-पडताळणी पहिलीच्या दिवाळीच्या सुट्टीआधी सुरू करावी, अशी आमची शिक्षण विभागाकडे मागणी आहे. ज्या केंद्रांत हे आधीच घडते आहे, तिथल्या शिक्षकांनी आपल्या नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात. पुढील अंकांत त्यांना जागा राखली आहे.