पाटीवरील वजाबाकी

‘डार्ट’ हा विलायती लक्ष्यवेध यंदा सुटीत आमच्या चितेगावच्या घरीही आला. प्रत्येकाने ५०१ गुणांपासून आरंभ करावयाचा. पाळीस तीन बाण, मिळतील ते गुण वजा. फलकाच्या बाहेरील अरुंद वलयात गुण दुप्पट, आतील वलयात तिप्पट, मध्यबिंदूस ५०. शेवटचा बाण दुपटीत वा मध्यबिंदूत पडून बाकी शून्य व्हावी. गुण अधिक झाल्यास किंवा एकच उरल्यास ती पाळी व्यर्थ.

हिशेबाची पाटी मजकडे होती. ६० मधून १८ वजा करून मी ३२ लिहिले! १६ च्या दुपटीने धाकटी नात एका बाणात सुटली असती; ४२ ला दोन लागतात. “आजोबा, ४२ हवेत,” ती म्हणाली, आणि डाव हरली. पाटी आता तिच्याकडे आहे.