खाडी कोणासाठी सुधारायची?

ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्याआधी २०१५ साली खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला होता. या दोन्ही गोष्टींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु फलक लागला म्हणून खाडी सुधारत नाही. सुधारणा म्हणजे नेमके काय, ती किती वर्षांत करायची आणि झाली नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे आधी ठरवावे लागते. आणि खरा प्रश्न असा की, हे ठरवणार कोण?

आज खाडीच्या प्रकृतीचा हिशेब मुख्यतः दोन गोष्टींवर मांडला जातो. फ्लेमिंगो किती आले आणि कांदळवन किती वाढले. हे दोन्ही आकडे वाढत असतानाही खाडी आजारी असू शकते. लहान फ्लेमिंगो ज्या शेवाळावर जगतात, ते शहराच्या सांडपाण्यावर पोसले जाते, असे अभ्यासकच सांगत आले आहेत. गाळ साचून खाडी उथळ झाली की चिखलाच्या मोकळ्या पट्ट्यांवर कांदळवन पसरते. उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग वाढतो, पण इकडे होडीची वाट बुजते. याचा अर्थ कांदळवन तोडा असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की, पक्षी आणि झाडे मोजून भागत नाही. चेंदणी, वाशी, दिवाळे येथील कोळ्याच्या जाळ्यात काय येते, तेही मोजले पाहिजे. बोईट, जिताडा, कोळंबी, निवटी, चिंबोरी यांची नोंद कोणत्या सरकारी फलकावर आहे?

कायदा याबाबतीत मुका नाही. १९९६ साली वेल्लोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रदूषण करणाऱ्याने पीडितांना भरपाई द्यायचीच, शिवाय बिघडलेले पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्चही सोसायचा. त्याच वर्षी कमलनाथ प्रकरणात न्यायालयाने नैसर्गिक संपत्ती ही जनतेची ठेव असून शासन तिचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व मान्य केले. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कावरच घाला आहे असे सांगितले आणि नष्ट झालेले कांदळवन पुन्हा उभे करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. उरणच्या पारंपरिक मच्छिमारांनी बंदराच्या भरावाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई ठरवली. म्हणजे कोळ्याच्या उपजीविकेचे नुकसान मोजता येते. मग तेच मोजमाप नुकसान होण्याआधी, उद्दिष्ट म्हणून का वापरायचे नाही?

आमची मागणी नेमकी आहे. पहिली, पाणी. व्यापारी मासेमारीसाठी किनारी पाणी कसे असावे, याचे निकष केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केव्हाच ठरवले आहेत. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी ३ मिलिग्रॅमहून अधिक नको. खाडीसाठी हीच पातळी तारखेसह बंधनकारक करावी आणि दर महिन्याची तपासणी मराठीत कोळीवाड्याच्या चावडीवर लावावी. दुसरी, खाडीत उतरणारा प्रत्येक नाला आणि कारखान्याची प्रत्येक वाहिनी नावानिशी नोंदवून तिच्यापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहावे. तिसरी, आधारवर्ष. गेल्या वर्षीच्या घाण पाण्याशी यंदाच्या घाण पाण्याची तुलना करून प्रगती दाखवणे ही फसवणूक आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोठे कोणती मासळी मिळत होती, हे म्हाताऱ्या कोळणी सांगू शकतात. न्यायालयात तोंडी साक्ष हा पुरावा असतो, मग खाडीच्या नियोजनात तो का चालू नये?

चौथी मागणी माणसांची आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क सांगितला. त्याच १९२७ पासून मुंबईचा कचरा या खाडीच्या काठी देवनारला पडू लागला. त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहते, कचरा कोण वेचते, धूर कोणाच्या छातीत जातो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी थांबवणे हे खाडीच्या सुधारणेचे पहिले कलम हवे. परंतु पर्यावरणाचे नाव निघाले की बुलडोझर आधी गरिबाच्या झोपडीवर चालतो आणि भराव टाकणाऱ्याचा नकाशा मात्र मंजूर होतो. म्हणून पुनर्वसनाशिवाय एकही झोपडी हलणार नाही, ही अटही उद्दिष्टातच लिहिली पाहिजे. व्यवस्थापन समितीत कोळी आणि काठावरचे कष्टकरी केवळ निमंत्रित नकोत, मताधिकार असलेले सदस्य हवेत.

माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. प्रत्येक कोळीवाड्याने आणि वस्तीने एक साधा अर्ज करावा. खाडीच्या सुधारणेचे उद्दिष्ट काय, मुदत कोणती, जबाबदार कोण? उत्तर कोरे आले, तर तोच कागद न्यायालयातला आपला पहिला पुरावा ठरेल.