आधी गार्ड, मग पेग!

पेग म्हटलं की भलतंच आठवतं ना? इथे विषय बीएमएक्सचा आहे राव!

रील बघून आपण चार पेग लावतो आणि थेट कठड्यावर सायकल घासायला जातो. पण आधी एक्सल मोजा. ग्राइंडच्या बीएमएक्सला मागचा एक्सल सहसा १४ मिलिमीटरचा असतो. साध्या सायकलीचा १०च्या आसपास. त्यावर नुसतं उभं राहायचे हलके पेग लावून उड्या मारल्या, की एक्सल वाकलाच म्हणून समजा.

पेग कठड्यावरून सटकला की मार बसतो हबला आणि स्पोकना. तो झेलतो हब गार्ड. म्हणून बजेट कमी असेल तर ज्या बाजूने घासता, त्याच बाजूला पुढे-मागे दोन पेग आणि दोन गार्ड घ्या. खडबडीत सिमेंटवर प्लॅस्टिक स्लीव्हचे पेग छान सरकतात. प्लॅस्टिक झिजतं, पण ते बदलता येतं.

चार पेग नसले म्हणून लाजू नका. ऑलिम्पिकच्या पार्क प्रकारात बरेच जण पेग लावतच नाहीत.

आणि हो, भुईकोट किल्ल्याचा दगड घासायला नाही. तो झिजला तर बदलून मिळत नाही!