अंगावरून वारं गेलं, तर आधी घड्याळ बघा

जेवता जेवता हातातला घास गळाला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ जड होऊन बोलणं बोबडं झालं, असं घरात कुणाचं झालं तर ‘जरा पडा, सकाळी बघू’ म्हणू नका. घड्याळात किती वाजले ते बघा, कागदावर लिहा आणि १०८ ला फोन करा. हा पक्षाघात आहे. तो हातापायात दिसतो, पण घाव मेंदूवर झालेला असतो.

बहुतेक रुग्णांमध्ये मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. मोठी वाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आपल्याकडे मिळतं. त्याचा उपयोग होतो हे १९९५ सालीच सिद्ध झालं. पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या साडेचार तासांतही जितकं लवकर तितका माणूस जास्त वाचतो. काही निवडक रुग्णांची गुठळी मांडीतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून २४ तासांपर्यंत काढता येते. म्हणून उशीर झाला तरी न्याच. पण ती सवलत धरून कुणी थांबू नये.

हे तास कुठे जातात, ते आपल्याला ठाऊक आहे. पुण्याहून मुलगा येईपर्यंत थांबण्यात जातात. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावण्यात जातात. तेलाने चोळण्यात, कुणीतरी सांगितलेलं पारव्याचं रक्त शोधण्यात जातात. हे सगळं मायेपोटीच होतं, म्हणून त्याचं जास्त वाईट वाटतं. मायेची माणसं उशाशी बसलेली असतात आणि आत मेंदू मरत असतो.

आणखी एक धोका. काही जणांमध्ये गुठळी नसते, रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. नाडी बघून, अनुभवावरून कुणालाही ते खात्रीने सांगता येत नाही. सीटी स्कॅनच सांगतो. म्हणून घरातली ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव असेल तर ती घातक ठरेल. बीपी वाढलंय म्हणून आपल्या मनाने गोळी देऊ नका. चहा-पाणीही नको, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

रुग्णालय निवडताना एकच विचारा: आत्ता, या क्षणी, सीटी स्कॅन होतो का, आणि पक्षाघाताचं इंजेक्शन देतात का? नसेल तर तिथे वेळ घालवू नका. झोपेतून उठतानाच हात लुळा पडलेला दिसला, तर रात्री शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ते सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं बरोबर न्या.

दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तरी जा. तेव्हा तर जाच, कारण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो, आणि तो झटका पुढच्या दोन दिवसांतही येऊ शकतो. तरुण आहे, बाळंतीण आहे, म्हणून हे होणार नाही असंही धरून चालू नका.

सरपंचांना, सोसायट्यांच्या सचिवांना, आशाताईंना कळकळीची विनंती आहे. रात्री-अपरात्री सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही मिळेल असं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, ते या आठवड्यात फोन करून खात्रीने विचारून घ्या. त्याचं नाव, नंबर आणि १०८ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, जिन्याखाली, दूध डेअरीत, एसटी थांब्यावर ठळक लिहा. जिल्ह्यात असं एकही ठिकाण नसेल तर पुढच्या ग्रामसभेत तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.